धन्याचा स्वभाव आणि धंद्याचे धोरण

‘धंद्याचे धोरण’ हे शब्द ऐकले म्हणजे आपल्या मनापुढे आकड्यांचे तक्ते, बाजारभाव, व्याजाचे दर अशा गोष्टी उभ्या राहतात. आणि ‘स्वभाव’ हा शब्द ऐकला म्हणजे तो विषय कादंबरीकाराचा, अथवा फार तर वधूवरसंशोधनाचा, असे आपण समजतो. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल अशी कल्पना सहसा कोणी करीत नाही. परंतु लहान धंद्यापुरते बोलावयाचे तर हा संबंध आहे इतकेच नव्हे, तर इतर सर्व संबंधांहून तो बळकट आहे, असे मला दीर्घ अनुभवांती वाटू लागले आहे. हे मत मी प्रथम पुस्तकात वाचले नाही. ते मला मुक्ताईनगरच्या बाजारात, माझ्या वडिलांच्या दुकानाच्या फळीवर बसून मिळाले. पुस्तके मागाहून आली.

मुक्ताईनगर आपणांपैकी पुष्कळांनी धावत्या मोटारीतून पाहिले असेल. जळगाव-भुसावळकडून मलकापुराकडे जाणारा महामार्ग त्या गावावरून जातो. जुन्या माणसांच्या तोंडी अद्यापि त्याचे नाव एदलाबाद असेच येते. जवळच कोथळी येथे संत मुक्ताबाईचे देवालय आहे. काही अंतरावर तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे, आणि त्या संगमावर चांगदेवाचे प्राचीन मंदिर आहे. या देवस्थानांकडे आपण शेवटी वळणारच आहोत. तूर्त बाजारात जाऊ. या भागाचा संसार चालतो तो मुख्यत्वे केळी आणि कापूस यांवर. केळीचे खोड लावल्यापासून घड उतरेपर्यंत वर्षभराचा, कित्येकदा त्याहून अधिक काळ जातो. मृगबाग असो की कांदेबाग असो, शेतकऱ्याचा खर्च आधी आणि पैसा मागाहून. त्यामुळे मोटारी, पंप, पाइप, खते विकणाऱ्या दुकानदाराला उधारीवाचून गत्यंतर नाही. ही उधारी किती, कोणाला आणि कशाच्या भरवशावर द्यावयाची, हाच त्याच्या धंद्यातील मुख्य प्रश्न होय; आणि त्याचे उत्तर तो हिशेबाने देत असल्याचे समजत असला, तरी बहुधा स्वभावाने देत असतो.

आमचे दुकान मोटारपंप आणि पाइप यांचे होते. समोरच्या ओळीत तसलेच दुसरे दुकान होते. दोघांचे भांडवल जवळजवळ सारखे, गिऱ्हाईक एकाच पंचक्रोशीतले, आणि माल आणावयाची पेठही एकच. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या दोन दुकानांची वाटचाल सारखीच व्हावयास हवी होती. ती तशी झाली नाही.

माझ्या वडिलांना सारा गाव नाना म्हणे. नाना अत्यंत सावध गृहस्थ होते. त्यांच्या वडिलांनी कोणा आप्ताच्या कर्जास जामीन राहून राहते घर गमावले होते. त्या वेळी नाना नऊ वर्षांचे होते, आणि घरातील भांडी अंगणात मांडून त्यांची मोजदाद चाललेली त्यांनी पाहिली होती. त्या दिवसाविषयी ते आम्हांपाशी कधी बोलले नाहीत. आईकडून आम्हांस ते कळले. परंतु पुढे चाळीस वर्षे नानांनी दुकान चालविले ते त्या अंगणात उभे राहूनच, असे आता मला वाटते. गल्ल्याची किल्ली त्यांनी कोणाच्या हाती दिली नाही. जेवावयास घरी जाताना ते दुकान बंद करून जात. माल आणीत तो रोखीने. उधारी देत ती ज्याची विहीर आणि बाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असेल त्यालाच. समोरचे शेठ याच्या अगदी उलट. हसतमुख, मनमोकळे, शब्दावर माल देणारे. गिऱ्हाइकाने पैशाची अडचण बोलून दाखविण्यापूर्वीच ते ‘होऊन जाईल’ असे म्हणून पाइप गाडीत भरवू लागत.

पुढे विहिरींचे पाणी खोल जाऊ लागले आणि ठिबक सिंचनाच्या नळ्या बाजारात आल्या. एका विक्रेत्याने नानांना नमुना आणून दाखविला. नानांनी तो हाती घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “पाइपाला भोक असले तर गिऱ्हाईक परत आणून टाकते, आणि ही माणसे मुद्दाम भोके पाडून विकतात!” सारे दुकान हसले. मीही हसलो. समोरच्या शेठांनी मात्र त्याच महिन्यात दुकानाची अर्धी जागा त्या नळ्यांना दिली.

आमच्या दुकानात एक मुनीमजी होते. नानांहून वयाने वडील, आणि बोलणे अगदी मोजके. त्या संध्याकाळी खतावणी मिटता मिटता ते म्हणाले, “नाना, राग मानू नका. पण आपण माल घेतो तो भाव पाहून नाही, भीती पाहून घेतो.” नानांनी उत्तर दिले नाही. त्यांनी फक्त मुनीमजींच्या हातातून खतावणी घेतली आणि ती स्वतः कपाटात ठेवली. एवढेच झाले. परंतु त्या दिवसानंतर मुनीमजींनी धंद्याविषयी आपले मत म्हणून एक शब्दही कधी काढला नाही. आणखी अकरा वर्षे ते नोकरीत होते.

यावरून आपण असा निष्कर्ष काढाल की सावध माणूस बुडाला आणि धाडसी माणूस तरला. तसेही झाले नाही. शेठांचे दुकान चारपाच वर्षे असे वाढले की त्यांनी तालुक्याबाहेर आणखी दोन दुकाने काढली. परंतु जो स्वभाव नवा माल घेताना उपयोगी पडला, तोच उधारी देताना आडवा आला. एका वर्षी ज्येष्ठात वादळ झाले, घडांनी लगडलेल्या बागा आडव्या पडल्या, आणि ज्यांच्या शब्दावर माल गेला होता त्यांपाशी शब्दाखेरीज काही उरले नाही. शेठांना कोणाकडे मागणे करवत नसे. कारण मागणे म्हणजे अविश्वास, आणि अविश्वास त्यांच्या प्रकृतीतच नव्हता. दोन वर्षांत तिन्ही दुकाने गेली. आमचे दुकान एकाएकी बुडाले नाही. ते दरसाल थोडे थोडे आटत गेले. तोवर ठिबकच्या नळ्यांवाचून कोणी बाग लावीनासे झाले होते, आणि आमच्याकडे त्या नव्हत्या.

आता हा केवळ दोन माणसांचा योगायोग, की त्यामागे काही नियम आहे? मोठ्या कंपनीत धोरण ठरते ते संचालक मंडळात. हिशेबनीस अडवितो, विक्रीखाते ओढते, बँक अटी घालते. या ओढाताणीत कोणा एकाचा स्वभाव बोथट होतो. लहान धंद्यात हे सारे अधिकारी एकाच डोक्यात बसलेले असतात, आणि त्या सभेचा अध्यक्ष असतो मालकाचा स्वभाव. सरकारी कायदा लहान उद्योग पैशाने मोजतो. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तो सूक्ष्म, आणि २५ कोटींपर्यंत गुंतवणूक व १०० कोटींपर्यंत उलाढाल असेल तो लघुउद्योग. कायद्याला कोठे तरी रेघ ओढावी लागतेच. माझे स्वतःचे माप निराळे आहे. मालकाला ताप आला की ज्या धंद्याच्या अंगातही कणकण भरते, तो लहान धंदा.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. १९८४ साली अमेरिकेतील हॅम्ब्रिक आणि मेसन या दोन अभ्यासकांनी असे प्रतिपादन केले की, संस्था ही तिच्या वरिष्ठांच्या मनाचे प्रतिबिंब असते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, डॅनी मिलर आणि ज्याँ-मारी तुलूज यांनी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील धंद्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी प्रमुखांच्या स्वभावाचे तीन पैलू मोजले. पहिला लवचिकपणा. लवचिक स्वभावाचा मालक बाजाराचा एखादा लहानसा कोपरा धरतो, कारभार साधा व अनौपचारिक ठेवतो आणि जोखीम घेतो. दुसरा पैलू कर्तृत्वाची आकांक्षा. ज्याला काहीतरी सिद्ध करून दाखवावयाचे असते त्याची झेप रुंद असते, तो परिस्थिती येण्याची वाट पाहत नाही, आणि त्याचा कारभार नियमबद्ध व पद्धतशीर होत जातो. तिसरा पैलू सर्वांत मनोवेधक आहे. आपल्या आयुष्याची सूत्रे आपल्या हाती आहेत असे मानणारा माणूस, आणि ती दैवाच्या, सरकारच्या अथवा बाजाराच्या हाती आहेत असे मानणारा माणूस, हा तो भेद. पहिल्या प्रकारच्या मालकाचा धंदा नवा माल काढतो आणि पुढच्या काळाकडे दृष्टी ठेवून चालतो. या पाहणीचा मुख्य निष्कर्ष असा की, स्वभाव आणि धोरण यांची ही सांगड लहान धंद्यांत, आणि जेथे परिस्थिती झपाट्याने पालटत असते तेथे, सर्वांत घट्ट आढळते. मुक्ताईनगरच्या बाजारात या दोन्ही गोष्टी होत्या. क्वेबेकमध्ये केळी पिकत नाहीत. पण मालक तेथेही आमच्यासारखेच असावेत.

आपल्या खानदेशातच याची दोन ठळक उदाहरणे आहेत, आणि ती दोन्ही लहानशा प्रारंभापासून जगापुढे आलेली आहेत.

पहिले अमळनेरचे. साने गुरुजी ज्या गावी शिक्षक होते त्याच या गावी १९४५ च्या डिसेंबरात मुहंमद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाने वनस्पती तुपाचा कारखाना स्थापन केला. भोवतालच्या प्रदेशात भुईमूग पिके. त्याचे तेल काढावे, वनस्पती तूप करावे, आणि जोडीला कपड्यांचा साबण करावा, असा हा सरळ व्यवहार होता. १९६६ च्या ऑगस्टमध्ये हाशम प्रेमजी अकस्मात निवर्तले. त्यांचे पुत्र अझीम त्या वेळी २१ वर्षांचे होते आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेत होते. शिक्षण अर्धवट टाकून ते परत आले. भागधारकांच्या सभेत एका गृहस्थाने, आपण आपले भाग विकून कारभार कोणा अनुभवी माणसाच्या हाती द्यावा, असा सल्ला त्यांना तोंडावर दिला असे सांगतात.

आता पाहा. कारखाना तोच, गाव तेच, भुईमूग तोच, कामगारही तेच. पालटला तो केवळ धनी. आणि या धन्याचा स्वभाव होता मोजून पाहण्याचा. भुईमुगाचा दाणा हातात चोळून, दाताखाली धरून त्याची किंमत ठरविण्याची जुनी रीत होती. तिच्या जागी नमुन्यातील ओलावा आणि तेलाचे प्रमाण मोजण्याची पद्धत त्यांनी आणली, असे त्यांच्याविषयीच्या वृत्तांतांत वाचावयास मिळते. ज्याला दाण्यातील तेल मोजावेसे वाटते, त्याला उद्या माहिती मोजावीशी वाटली तर त्यात नवल नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आयबीएम ही अमेरिकन कंपनी भारतातून निघून गेली. संगणकाच्या बाजारात मोकळी जागा पडली आणि तुपाचा हा कारखानदार त्या जागेत शिरला. मूळ नावाच्या आद्याक्षरांवरूनच ‘विप्रो’ हे नाव झाले. आयबीएम गेल्याची वार्ता त्या दिवशी देशातील शेकडो तेलगिरण्यांच्या मालकांनी वाचली असेल. बाजारातील संधी सर्वांस सारखीच दिसली. तिच्यात आपले काम आहे असे वाटावयास मात्र एका विशिष्ट घडणीचे मन लागले.

दुसरे उदाहरण जळगावचे. भवरलाल जैन यांचा जन्म १९३७ साली वाकोद या खेड्यात झाला. शासकीय सेवेची चालून आलेली संधी सोडून त्यांनी १९६३ साली घरची सात हजार रुपयांची शिल्लक घेऊन रॉकेलच्या विक्रीने धंद्यास प्रारंभ केला. पुढे खते, बियाणे, शेतीची अवजारे आली. १९७८ साली त्यांनी केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना ३० लाख रुपयांना घेतला, आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास आरंभ केला. १९८० मध्ये पाइपांचा कारखाना, आणि त्या दशकात ठिबक सिंचन. इतरांना जेथे मोडकी यंत्रे दिसली तेथे या गृहस्थाला उपयोग दिसला; आणि हे एकदा नव्हे, पुनःपुन्हा झाले. ज्या नळ्यांना आमच्या दुकानात सारे हसले, त्यांच्याच बळावर पुढे जळगावचे नाव साता समुद्रांपलीकडे गेले.

परंतु मला या चरित्रातील यशापेक्षा एक अपयश अधिक बोधप्रद वाटते. १९९० च्या दशकात, सर्वत्र नवनव्या उद्योगांचे वारे वाहत असता, या कंपनीने वित्तव्यवहार, माहिती तंत्रज्ञान, ग्रॅनाइट अशा शेतीशी संबंध नसलेल्या क्षेत्रांत पाऊल टाकले. त्यात मोठा तोटा आला. येथेही स्वभाव तोच होता. जो उत्साह बंद कारखान्यात शिरला, तोच ग्रॅनाइटमध्ये शिरला. फरक इतकाच की पपई आणि केळी ही त्या माणसाच्या अंगणातली होती, ग्रॅनाइट नव्हते. परंतु पुढे जे घडले ते आपल्याकडे विरळा घडते. भवरलालजींनी आपली चूक जाहीरपणे मान्य करून भागधारकांची क्षमा मागितली, ते उद्योग आवरते घेतले आणि ते पुन्हा शेतीकडे वळले. दिलगिरीचे चार शब्द लिहिणे हा व्यवहाराचा भाग होऊ शकतो. परंतु आपल्या ज्या गुणाने आपणांस मोठे केले त्याच गुणाने आपणांस खड्ड्यात घातले, हे ओळखणे फार कठीण असते. दोष ओळखणे त्या मानाने सोपे. गुणाचा संशय कोणास येतो?

येथे माझ्या सांगण्याचा मुख्य मुद्दा येतो. लहान धंद्याचा मालक बहुधा आपल्या दोषांनी बुडत नाही. त्याविषयी तो जागरूक असतो. तो बुडतो आपल्या मर्यादेबाहेर गेलेल्या गुणांनी. नानांची सावधगिरी हा गुण होता. तिने आम्हां भावंडांची शिक्षणे केली. शेठांचे औदार्य हाही गुण होता. त्याने पन्नास शेतकऱ्यांच्या बागा उभ्या केल्या. दोघांनाही आपण चुकत आहोत असे शेवटपर्यंत वाटले नाही, कारण दोघेही आपापल्या परीने चांगलेच वागत होते.

मग यावर उपाय काय? स्वभावाला औषध नाही, असे आपण सहज म्हणून जातो. काहीसे औषध असावे, असे मानण्यास मात्र आधार आहे. डेव्हिड मॅक्लेलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात आंध्रातील काकिनाडा येथील लहान व्यापाऱ्यांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत एकत्र आणून थोड्या दिवसांचे शिक्षण दिले. त्यात हिशेब शिकविला नाही की कायदा शिकविला नाही. आपल्या मनात कर्तृत्वाच्या कल्पना कितपत येतात, आपण ध्येय कसे ठरवितो, कितपत जोखीम घेतो, हे त्यांचे त्यांनाच तपासावयास लावले. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात असे आढळले की, हे शिक्षण न घेतलेल्यांच्या मानाने शिक्षण घेतलेल्या व्यापाऱ्यांनी पुढे अधिक उद्योग केला, अधिक भांडवल गुंतविले, अधिक माणसे कामास लावली. स्वभाव समूळ पालटला असे मी म्हणणार नाही. पण स्वतःकडे चार दिवस पाहिल्याने माणसाच्या हातून काही निराळे घडू शकते, एवढे तरी यावरून दिसते.

परंतु काकिनाड्यापर्यंत जाण्याची तरी काय आवश्यकता? हीच गोष्ट तापीच्या काठी सातशे वर्षांपूर्वी सांगून झाली आहे. परंपरा सांगते की, चौदाशे वर्षे योगबलाने जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास घेतले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार लिहावा, हे त्यांना ठरविता येईना. म्हणून त्यांनी कोरेच पत्र पाठविले. ते पाहून लहानगी मुक्ताबाई म्हणाली की, चौदाशे वर्षे जगूनही हे कोरेच राहिले. ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले, ते आपण ‘चांगदेव पासष्टी’ म्हणून जाणतो. पुढे चांगदेवांनी गुरू केले ते त्याच मुलीला.

या कथेचा आध्यात्मिक अर्थ सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु ‘तीस वर्षे या धंद्यात आहे’ असे म्हणणारा व्यापारी मला भेटला की मला ते कोरे पत्र आठवते. वर्षे पुष्कळ झाली. पण एकच वर्ष तीस वेळा झाले, की खरोखर तीस वर्षे झाली? चांगदेवांचा मोठेपणा त्यांच्या आयुष्याच्या लांबीत नव्हता. वाघावर बसून निघालेल्या माणसाने एका पोरीचे बोलणे ऐकून घेतले, यात तो होता. ज्ञानेश्वर रुसून आत बसले असता दार उघडण्याची विनवणी मुक्ताबाईने केली ते ताटीचे अभंग प्रसिद्धच आहेत. ज्ञानेश्वरांसारख्यालाही बाहेरून दार वाजविणारे कोणी तरी लागले. मग पाइपांच्या दुकानदाराची काय कथा?

तेव्हा लहान धंदा करणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या घरी असा धंदा आहे त्यांनी, दोनतीन साध्या गोष्टी कराव्यात असे मला सुचवावेसे वाटते. पहिली अशी की, जशी पैशाची रोजकीर्द असते तशी निर्णयांचीही ठेवावी. अमुक माल घेतला नाही, का? अमुक माणसास उधारी दिली, का? कारण त्याच दिवशी एका ओळीत लिहावे. वर्षाअखेर ती पाने वाचली म्हणजे, ज्याला आपण हिशेब म्हणत होतो त्यात हिशेब किती आणि भीती, रुसवा, भिडस्तपणा अथवा बढाई किती, हे आपले आपणांसच कळेल. दुसरी गोष्ट म्हणजे, ज्या बाबतीत आपला स्वभाव आपणांस वाहवतो, त्या बाबतीतील मर्यादा शांत काळी ठरवून ठेवावी. भिडस्ताने उधारीचा आकडा पाडव्याला ठरवावा, गिऱ्हाईक दारात उभे असताना नव्हे. भित्र्याने दरसाल भांडवलाचा एक लहान हिस्सा नव्या मालासाठी बाजूस काढावा, आणि तो बुडाला तरी दुःख मानावयाचे नाही असे आधीच स्वतःस बजावावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्या तोंडावर बोलू शकेल असे एक तरी माणूस धंद्यात असावे, आणि त्याचे बोलणे जिवंत ठेवावे. ते मुनीम असेल, भागीदार असेल, पुष्कळदा ती घरधनीण असेल. ज्या बायकांना दुकानाची पायरी चढू दिली जात नाही, त्यांना आपल्या नवऱ्याचा स्वभाव बँकेच्या अधिकाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असतो. अशा माणसाचे म्हणणे दर वेळी मानलेच पाहिजे असे नाही. पण ते बोलून झाल्यावर आपण त्याच्या हातातून खतावणी काढून घेतो की काय, यावर ते पुन्हा बोलेल की नाही हे अवलंबून असते.

आपल्यापैकी बहुतेक मंडळी नोकरदार आहेत, आणि हे सारे व्यापाऱ्यांपुरते आहे असे आपणांस वाटेल. परंतु आपल्या घराचे धोरण तरी कोण ठरवितो? मुलाने कोणता अभ्यासक्रम घ्यावा, घर केव्हा बांधावे, कोणास पैसे द्यावेत, याची उत्तरे आपण विचाराने देतो अशी आपली समजूत असते. घर हाही एक लहान धंदाच होय, आणि त्याचा ताळेबंद फार उशिरा हाती येतो.

नानांचे दुकान बंद झाले तेव्हा मी परगावी नोकरीस होतो. आवराआवर करण्यासाठी रजा घेऊन आलो. मुनीमजी त्यापूर्वीच वारले होते. फळ्यांवर गंजलेले फूटव्हॉल्व्ह आणि जुन्या पाइपांचे तुकडे होते. आम्ही ते मोजून एका भंगारवाल्याच्या गाडीत घातले. संध्याकाळी दोघेच रिकाम्या दुकानात बसलो असता नानांनी मला विचारले, “त्या वेळी, त्या नळ्या आल्या तेव्हा, मुनीमजी काहीतरी म्हणाले होते. काय म्हणाले होते रे?”

मला ते शब्द अक्षरशः पाठ होते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी म्हणालो, “आठवत नाही, नाना.”

मला वाटले, आता सांगून काय उपयोग. वृद्ध माणसास दुःख मात्र होईल. त्या वेळी ते मला प्रेमाचे वाटले. आज वाटते, नानांनी तीस वर्षांत प्रथमच आतून कडी काढली होती, आणि मी बाहेरून ते दार पुन्हा लोटून घेतले. माझ्याही स्वभावात भिडस्तपणा आहे. माझ्या रोजकीर्दीत ती नोंद मी फार उशिरा केली. आपण ती वेळेवर करावी, एवढ्यासाठीच आज हे सांगितले.